छपराबाहेरची चार जेवणं

मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येतात, आम्ही कुठे जात नाही. घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, आणि मागे हापूसची चौदा कलमं. असं घर सोडून ऐन उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, "मे महिन्यात? विदर्भात? कशाला?" दर वेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

माझी धाकटी बहीण शोभा साकोली तालुक्यात एकोडीला दिली आहे. तिचे यजमान विलासराव पूर्वी आमच्याकडे कृषी खात्यात नोकरीला होते. लग्नानंतर तीन वर्षांनी नोकरी सोडून ते गावी धानाची शेती करायला गेले. तेव्हापासून दर मे महिन्यात शोभा आठ दिवस आमच्याकडे येते. सकाळ-संध्याकाळ समुद्रावर, मधल्या वेळात मासे, आंबे आणि झोप. या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "ताई, यंदा मी येत नाही. तुम्ही या. आईला घेऊन या." कारण विचारलं तर म्हणाली, "कारण काही नाही. या."

मी यादी केली. बाग आणि पेट्या सांभाळायला हे घरी, जाणार मी, माझी लेक मुक्ता आणि आई. यादीत एकतीस वस्तू होत्या. इथे फक्त चौदावी सांगायची आहे: आईचा डबा.

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि एक जुना रिवाज पाळते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही. माझ्याकडेही ती मला पहिलं मूल झाल्यावरच पहिल्यांदा जेवली, आणि आता तर माझ्याकडेच राहते. शोभाला मूल झालं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. सुरुवातीची चार-पाच वर्षं "होईल, मग जाऊ" अशी गेली. त्यानंतर अशी अडचण झाली की तिच्या घरी जाऊन जेवणं म्हणजे "आता काही होत नाही" असं तोंडाने म्हणण्यासारखं झालं. ते म्हणायला आई तयार नव्हती. म्हणून ती एकोडीला कधी गेलीच नाही. दर वर्षी "तूच ये गो, समुद्र आहे इथे" एवढंच म्हणायची.

या वेळी मात्र शोभाचा निरोप सांगितल्यावर आई म्हणाली, "जाऊ या. माझा डबा बरोबर घे." डब्यात डिंकाचे लाडू, चिवडा, सातूचं पीठ. आठ दिवस एवढ्यावर राहायचा तिचा विचार होता. मी तिला एक सवलत विचारून घेतली. घराबाहेर शिजलेलं, घराबाहेर बसून खाल्लेलं चालेल का? शोभाने केलेलं असलं तरी? आईने विचार करून हो म्हटलं. झालं. मी वहीत पाच दिवस मांडले, रोज एक सहल आणि प्रत्येक सहलीत एक जेवण. स्वतःवर खूश होऊन पेनाचं टोपण लावलं.

कारधा

नागपूरला उतरल्यापासून तोंडावर कुणीतरी भट्टीचं दार उघडून धरल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे उकाडा असतो, घाम असतो. इथे घामच दिसत नाही, येतो तसा वाळून जातो. विलासराव गाडी घेऊन आले होते. मी वही उघडून त्यांना सांगितलं, आजपासून रोज साडेबारा वाजता बाहेर जेवण. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"ताई, बारा वाजता बाहेर? आमच्याकडे तवा कुत्रंबी सावली सोडत नाई जी."

मुक्ता मागे बसून हसली. मी सगळी साडेबारा खोडून सकाळचे साडेआठ किंवा संध्याकाळचे सहा असं केलं. पहिल्याच दिवशी अख्खी यादी दुरुस्त करायची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

पहिलं जेवण त्याच संध्याकाळी, एकोडीच्या वाटेवर, कारध्याला वैनगंगेच्या काठावर ठरलं होतं. समोर भंडारा शहर, मध्ये नदी. मे महिना असून पात्र भरलेलं होतं. खाली धरण झाल्यापासून पाणी असं अडून राहतं, विलासरावांनी सांगितलं. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, नुसतं रुंद, शांत पाणी. समुद्र बघून मोठ्या झालेल्या माणसाला पाण्याने आवाज करू नये हे विचित्र वाटतं. पण अर्ध्या तासात त्या शांततेची सवय झाली आणि मग ती आवडू लागली.

शोभा आमच्या आधीच येऊन झाडाखाली तीन विटांची चूल मांडून बसली होती. वांग्यात सुके झिंगे आणि भात. झिंगे म्हणजे नदी-तलावातली बारीक कोळंबी. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आपल्या सोड्यांसारखेच गो! पण मिठाचा वास नाही." आम्ही भात-मासे खाणारी माणसं, हीसुद्धा भात-मासे खाणारी. एवढं लांब येऊन ताटात घर सापडलं. आईने दोनदा भात घेतला. शोभा वाढताना डावाने भात जरा जास्तच ओढत होती.

मी वहीत एकावर खूण केली.

एकोडी

घर कौलारू, बैठं, पुढे अंगण आणि मागे परस. आत शिरलं की गारवा आणि वाळ्याचा वास. खिडकीत केवढा तरी मोठा कूलर घरघरत असतो. त्याच्या पाण्यावर दिवसातून तीनदा लक्ष ठेवावं लागतं. हे काम मी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेतलं.

शोभाच्या सासूबाईंना सगळं गाव माय म्हणतं. बारीक, ताठ, गुडघे दुखणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, चहा आणला. आईने हात जोडले. "चहा नको, विहीणबाई."

"काहून वो बाई? माझ्या घरात साप आहे का?"

आईने रिवाज सांगितला. माय ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तं पोरीच्या लग्नाच्या आठव्या रोजी तिच्या घरी मटन खाऊन आली. जावयानं अजून वाढलं, तं अजून खाल्लं." आणि चहाचा कप उचलून स्वतःच पिऊन टाकला.

हापूसच्या दोन पेट्या आम्ही नेल्या होत्या. द्यायला रिवाजाची आडकाठी नाही. मायनी आंबा खाल्ला, कोय चोखली आणि निकाल दिला. "गोड आहे. पण रस कोठी आहे? याच्यात मानसाची एक रोटी भिजत नाई." यावर आई गाल फुगवून बसली. कोकणात हापूसबद्दल असं बोलणाऱ्याला पुन्हा घरी बोलावत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या झाडाच्या गावरान आंब्यांचा रस काढताना पातेलं भरलेलं आईने पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "खरं आहे गो तिचं."

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर दुसरं जेवण. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पलीकडे उन्हाळी धानाची शेतं, काही कापलेली, काही अजून पिवळी उभी. आमच्याकडे मे महिन्यात शेतं भाजून काळी पडलेली असतात. इथे तलावांच्या पाण्यावर या आगीतसुद्धा भात पिकतो. जुन्या लोकांनी उतार बघून हे तलाव बांधले, एकाचं पाणी दुसऱ्यात जाईल असे. कुणी केली असेल ती आखणी, त्या माणसाची वही मला बघायला आवडली असती.

माय गुडघे धरत पाळीवर चढल्या. "जेवाले चढाव चढा लागते हे म्या पैल्यांदा पाहिलं," त्या म्हणाल्या. विलासरावांनी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणली. घर तिथून दोनशे पावलांवर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमराईत जेवलो. चांगलं झालं. खूण केली.

लाखांदूरची एस.टी.

चौथ्या दिवशी विलासराव धान विकायला गाडी घेऊन गेले. म्हणून आई, शोभा, मुक्ता आणि मी एस.टी.ने लाखांदूरला बाजाराला निघालो. उद्या नदीवर मडक्यावरच्या रोट्या करायच्या होत्या आणि त्यासाठी मोठं मातीचं मडकं हवं होतं. घरचं होतं, पण त्याला चीर गेली होती.

बसमध्ये मोहफुलांची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई शोभाशेजारी बसली. पाच मिनिटांत तिने गाव, सासर, माहेर विचारून घेतलं. मग विचारलं, "लेकरं किती?"

"नाई जी," शोभा म्हणाली.

मी खिडकीकडे बघितलं. आईनेही बघितलं. अशा प्रश्नावर आमच्या घरात सगळ्यांच्या माना खाली जातात. शोभाची गेली नाही. "बरं," ती बाई म्हणाली, आणि शोभाने लगेच विचारलं, "मोहफूल यंदा कमी आलं का वो?" मग दोघी लाखांदूर येईपर्यंत मोहफुलं, तेंदूपत्ता आणि कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीबद्दल बोलत राहिल्या. उतरताना बाईने शोभाच्या ओंजळीत सुकी मोहफुलं घातली. आई सगळा वेळ शोभाकडे बघत होती. मुक्ताने कोपराने मला ढोसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तेच करतेय.

मडकं निवडणं शोभाने आईवर सोपवलं. आईने सहा मडकी बोटाने वाजवून बघितली आणि सातवं घेतलं. चौथं जेवण बसस्टँडवर आलूबोंडा. घराबाहेर शिजलेलं, घराबाहेर बसून खाल्लेलं, नियमात पूर्ण बसणारं. परतीच्या बसमध्ये आईने ते मडकं मांडीवर धरलं. मी घेते म्हटलं तर देईना.

घरी आल्यावर मी शोभाला वही दाखवली. चार खुणा, उद्या पाचवी. "सगळं नीट झालं की नाही?"

शोभा परसात मुक्ताबरोबर बादली भरत होती. "फार छान केलंस ताई," ती म्हणाली. मुक्ता बादली घेऊन गेल्यावर मग म्हणाली, "मी यंदा का आले नाही, विचारलंस ना? सेहेचाळीस पूर्ण झाली मला. दर वर्षी तुझ्याकडे येते, वाळूत बसते, पोटभर खाते, आणि परत येऊन या घरात आईचं ताट सोडून बाकीची मांडते. आईने एकदा इथे बसावं एवढंच पाहिजे होतं. पण तू एवढी व्यवस्था केलीस की तिला काही ठरवावंच लागत नाही."

मी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला गेले. होतं.

चुलबंदची वाळू

पाचवा दिवस मी सर्वांत चांगला म्हणून शेवटी ठेवला होता. लाखांदूरच्या बाजूला चुलबंद नदीचं पात्र उन्हाळ्यात अर्धं उघडं पडतं. पिवळी, भरड, स्वच्छ वाळू आणि मधून घोट्याएवढं पाणी. मुक्ताने चपला फेकल्या आणि म्हणाली, "आई, हा तर बीचच आहे!" खरंच होता. वाळूत कलिंगडांच्या वाड्या लावलेल्या. वेल वाळूवर, फळं वाळूवर. एका वाडीवाल्याने फळ टिचकीने वाजवायला शिकवलं आणि मी निवडलेलं कच्चं निघाल्यावर मनापासून हसला. "बाई, कागदावर लिवून कलिंदर पिकत नाई," माझ्या वहीकडे बघून तो म्हणाला. मग स्वतः एक निवडून कापलं. त्याची गोडी मी गुहागरला येऊनही सांगत असते.

संध्याकाळी पाचला चूल पेटली. मडकं उपडं घातलं, खाली जाळ. मायनी दुपारपासून भिजवून मळलेली कणीक अगदी सैल होती, हातातून ओघळेल अशी. तिचा गोळा त्या दोन्ही हातांवर झुलवत, झुलवत कोपरापर्यंत लांबवतात आणि एका फटक्यात मडक्यावर टाकतात. रोटी कागदाहून पातळ. आम्ही भाकरी थापणाऱ्या बायका, आमचे हात कणीक दाबायला शिकलेले. हे हात तिला नुसती वाट करून देत होते. आई हे बघायला चुलीच्या इतकी जवळ गेली की मायनी तिला मागे ढकललं. "भाजान वो बाई!"

दुसरी रोटी मडक्यावर पडली आणि वारं सुटलं.

आधी दूरवर नदीच्या वळणावर वाळू उभी राहिलेली दिसली. विलासराव ओरडले, "उठा, उठा, गाडीत बसा!" पुढच्या मिनिटाला काही दिसेना. डोळ्यांत, दातांत, आमरसात, कपड्यांत वाळू. मुक्ताने रसाचं पातेलं उचललं, ते अर्धं सांडलं. मी चादर धरायला गेले आणि वही उडाली. शोभाने कणकेवर पदर टाकून पातेलं पोटाशी धरलं. आईने मडकं सोडलं नाही. ते तापलेलं होतं. पदराच्या चार घड्या करून तिने ते उचललं आणि मायचा हात धरून गाडीपर्यंत आली.

घरी पोचलो तेव्हा वीज गेली होती. कूलर बंद, सगळे वाळूने माखलेले, आणि सकाळच्या पोह्यांनंतर त्या कलिंगडाशिवाय कुणीच काही खाल्लेलं नाही. आईने तर पोहेही खाल्ले नव्हते, ती एका लाडवावर होती. माय सरळ आतल्या चुलीशी गेल्या. "रोटीच्या वाळूचं सोडा, कनिक वाचली आहे," त्या आतून म्हणाल्या.

मी लगेच कामाला लागले. अंगणात ताडपत्री घालू, तिथे विटांची चूल मांडू, वारं पडलं की आईला तिथेच वाढू. अंगणावर छप्पर नाही, म्हणजे नियमात बसतं. मी विलासरावांना विटा विचारल्या.

"ताई, थांब," शोभा म्हणाली.

ती ओसरीवर आईसमोर उभी होती. केसांत वाळू, हातात कणकेचं पातेलं.

"आई, मी वाट बघणं कधीच सोडलंय. दहा वर्षं झाली. तू एकटीच बघतेयस. माझ्यासाठी आता बघू नकोस गो."

आतून मडक्याखाली जाळ लावल्याचा आवाज येत होता. आई खाली बघत होती, स्वतःच्या पदराकडे. त्याला चार ठिकाणी काळे डाग पडले होते.

"मी जेवले असते तर तुला वाईट वाटलं असतं असं मला वाटायचं," ती म्हणाली.

"तू जेवली नाहीस त्याचं वाटलं."

आई उठली. विलासरावांनी माझ्यासाठी आणलेल्या विटा मी हातात घेऊन उभी होते. आई माझ्याजवळून जाताना म्हणाली, "ठेव त्या खाली. पुरे झालं." ती उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली, चुलीच्या डाव्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "वाढ."

मायनी हात झटकले. "आता सुचलं का वो तुम्हाले! पाच दिसापासून तुमच्यापायी आम्ही पाळीवर अन् वाळूत जेवून राहिलो. माझे गुडघे गेले." आणि पहिली रोटी आईच्या ताटात टाकली. शोभाने वाचलेला रस वाढला. त्यात थोडी वाळू होतीच. आई ती दातांखाली आली की थांबायची, आणि पुन्हा खायची. पाच रोट्या खाल्ल्या. घरी ती दीड चपाती खाते.

मग आम्ही सगळे त्याच खोलीत बसलो. जागा पुरेना म्हणून मुक्ता दारात बसली. शोभा सर्वांत शेवटी जेवली, आईच्या ताटाला ताट लावून.

परत

पुढचे तीन दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. आई मायकडून कणीक झुलवायला शिकली. तिच्या तीन रोट्या मडक्याऐवजी जमिनीवर पडल्या. मायनी तिला बजावलं, "हात नरम ठेवा. तुम्ही धान मळल्यासारखं करून राहिल्या." मुक्ता दोघींचे फोटो काढत होती. वही मला परत मिळाली नाही, आणि सहलींची नवी यादी मी केली नाही.

सामानाची मात्र केली, एका कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. निघायच्या सकाळी एकेक वस्तू वाचत होते. चौदावर आले तर डबा दिसेना. आईने आधल्या दिवशीच उरलेले लाडू मायच्या हातावर ठेवून डबा घासून टाकला होता.

"डबा कुठे आहे गो?"

"राहू दे इथे," आई म्हणाली. "मला आता कशाला लागतोय?"

पुढच्या मे महिन्यात आधी आम्ही एकोडीला, मग शोभा आणि माय समुद्रावर, असं आईने परस्पर ठरवून टाकलं आहे. समुद्रावर चढाव नाही ना, एवढं तेवढं मायनी विचारून घेतलं.

घरी आल्यावर मी सामान जुळवलं. तीस वस्तू आल्या. चौदाव्यापुढे खूण नाही, आणि ती वस्तू हरवलेलीही नाही. ती शोभाच्या फडताळात खालून दुसऱ्या कप्प्यात आहे. परवा फोनवर तिने सांगितलं, सध्या त्या डब्यात मेथीदाणे भरलेत.